शोरूमचे मागचे दार

(म्हैसूर येथे मराठी श्रोत्यांसमोर दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांनी हयातभर मुलांना गणित शिकवले. उत्तर काढायच्या आधी उदाहरण दोनदा वाचा, असे ते सांगत, हे त्यांचे विद्यार्थी आजही आठवणीने बोलतात. आजच्या विषयाला मी तोच नियम लावणार आहे. विषय साधा दिसतो. नवी मोटार घेणाऱ्याला डीलरचा काही उपयोग होतो का, की तो कंपनी आणि ग्राहक यांच्यामध्ये उभा राहून नुसते पैसे घेणारा माणूस आहे?

हा प्रश्न म्हैसुरात विचारायला मला विशेष कारण आहे. महानवमीला इथल्या राजवाड्यात आयुधपूजा होते, तेव्हा तलवार, हत्ती, घोडे यांच्या बरोबरीने मोटारींनाही कुंकू लागते. त्याच दिवशी गावात प्रत्येक गॅरेजपुढे कोहळा फुटतो, रिक्षापासून बसपर्यंत सगळ्यांना झेंडूच्या माळा चढतात. आपल्याकडे खंडेनवमीला तेच होते. वाहन हे आपल्या घरात केवळ वस्तू म्हणून येत नाही. बहुतेक कुटुंबांत घरानंतरचा सर्वांत मोठा खर्च तोच असतो. इतकी मोठी रक्कम आपण ज्याच्या हातात ठेवतो, त्याच्याबद्दल आपण फार कमी विचार करतो.

दुसरे कारण इथल्याच यादवगिरी भागात आहे. मुंबईत जावा मोटारसायकली आयात करून विकणारे एक इराणी कुटुंब होते. आयातीवर बंधने आली आणि विकायला माल उरला नाही. तेव्हा या विक्रेत्यांनी चेकोस्लोव्हाकियातील कंपनीकडून परवाना घेऊन इथेच कारखाना काढायचे ठरवले. फारुख इराणींच्या आयडियल जावाचे उद्घाटन त्या वेळचे राज्यपाल जयचामराजेंद्र वाडियार यांच्या हस्ते झाले आणि 1961 पासून म्हैसूरची जावा रस्त्यावर आली. 1973 पासून तिचे नाव येझदी झाले. 1996 साली कारखाना बंद पडला.

या हकिकतीत माझ्या विषयाची दोन्ही टोके आहेत. या देशात एकदा विक्रेत्यांनीच कारखाना उभा केला. ग्राहकाला काय हवे आणि यंत्र कुठे मोडते, हे त्यांना दुकानात बसून कळले होते. आणि तो कारखाना बंद पडल्यानंतरही त्याच्या गाड्या मेल्या नाहीत. आज जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदी दिवस साजरा होतो, तेव्हा पन्नास-साठ वर्षांच्या गाड्या धूर सोडत रांगेने निघतात. कंपनी नसताना त्यांना कोणी जगवले? गल्लीबोळांतल्या मिस्त्रींनी.

माझ्या वडिलांकडे बेळगावात एक मरून रंगाची जावा होती. किक आणि गिअर यांना एकच दांडा, मागे दोन सायलेन्सर, आणि पेट्रोलमध्ये ठरल्या प्रमाणात तेल मिसळायचे. ते प्रमाण वडिलांना कंपनीच्या पुस्तिकेने शिकवले नाही. ज्या एजन्सीतून गाडी घेतली तिच्या मागच्या अंगणात काम करणाऱ्या मिस्त्रीने शिकवले. पॉइंट कधी साफ करायचे, उतारावर इंजिन कसे सांभाळायचे, सायलेन्सरमधली काजळी कधी काढायची, हे सगळे त्याचेच. पुढे एजन्सी बंद झाली. मिस्त्रीने जाताना सुटे भाग पत्र्याच्या डब्यांत भरून नेले आणि दोन गल्ल्या सोडून स्वतःचे दुकान थाटले. वडील तिथे जाऊ लागले. एजन्सीचा काचेचा दर्शनी भाग कसा होता, हे घरात कुणालाही आठवत नाही. मिस्त्रीचे डबे आम्हा सगळ्यांना आठवतात.

म्हणून मी उदाहरण पुन्हा वाचतो. डीलर म्हणजे एक माणूस नव्हे, एकाच छपराखाली चालणारी चार कामे आहेत. पहिले काम गाडी दाखवणे आणि विकणे. दुसरे कागदांचे: नोंदणी, कर, विमा, कर्ज, नंबरपाटी. तिसरे दुरुस्तीचे: डिलिव्हरीपूर्व तपासणी, मोफत सर्व्हिसिंग, वॉरंटीतली कामे, सुटे भाग. चौथे काम सहसा कुठल्याही फलकावर लिहिलेले नसते. ते म्हणजे काही बिघडले, काही फसले, तर समोर उभे राहून उत्तर देणे. या चार कामांत ग्राहकाला मोल कुठे मिळते आणि डीलरला पैसा कुठे मिळतो, हे शेजारी शेजारी मांडले की विषय उलगडतो.

पहिल्या कामापासून पाहू. एके काळी गाडी विकावी लागत नव्हती, ती वाटावी लागत होती. फियाट, अँबेसडर, बजाजची स्कूटर यांच्यासाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. त्या काळी डीलरकडे माहिती, माल आणि रांग, तिन्हींच्या किल्ल्या होत्या. डिसेंबर 1983 मध्ये मारुतीची पहिली गाडी ग्राहकाच्या हाती गेली आणि ते जग हळूहळू मोडू लागले. आज गाडीची लांबी, सुरक्षा चाचणीतले तारे, मायलेज, आधीच्या ग्राहकांचे बरेवाईट अनुभव हे सगळे खिशातल्या फोनवर असते. शोरूमच्या विक्रेत्यापेक्षा बारावीतला मुलगा गाडीबद्दल जास्त सांगतो. तरी गाडीत बसून पाहणे, आजोबांना मागच्या सीटवर चढता येते का ते पाहणे, चढावर गाडी ओढते का ते पाहणे, याला पर्याय नाही. पण हे मोल मर्यादित आहे आणि ते कंपनीचे स्वतःचे केंद्रही देऊ शकते.

डीलर असले की आपसांत स्पर्धा करतील आणि ग्राहकाला सूट मिळेल, असा एक युक्तिवाद आहे. तो तत्त्वतः बरोबर आहे. पण 2017 मध्ये एका डीलरने निनावी ईमेलने स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली, ती आपल्या भागातली आहे. मुंबई वगळता महाराष्ट्र आणि गोवा या विभागात मारुतीचे डीलर ठरलेल्या रकमेपलीकडे सूट देऊ शकत नाहीत, असे तिच्यात म्हटले होते. चौकशीत असे पुढे आले की ग्राहक बनून शोरूममध्ये जाणारी माणसे पाठवली जात, जास्त सूट देणारा डीलर सापडला की त्याला दंड होई. ऑगस्ट 2021 मध्ये आयोगाने कंपनीला 200 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपनीने अपील केले आणि अपील न्यायाधिकरणाने त्या आदेशाला स्थगिती दिली. निकाल काहीही लागो, ग्राहकाने यातून एक गोष्ट ओळखावी. समोरचा विक्रेता जेव्हा हात जोडून म्हणतो की यापुढे माझ्या हातात काही नाही, तेव्हा कधी कधी ते खरेच असते.

दुसरे काम कागदांचे. इथे डीलर खरोखर त्रास वाचवतो. मोटार वाहन कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीनंतर, त्याच राज्यात नोंदवायच्या नव्या गाडीचा नोंदणी अर्ज डीलरनेच करायचा असतो. नव्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरपाटी बसवून देणेही त्याच्याकडे आले. आरटीओच्या खिडकीवर एजंट शोधत फिरण्याचे दिवस अनेकांनी पाहिले आहेत, त्यांना या सोयीची किंमत ठाऊक आहे. कर्नाटकात तर आजीवन कर देशातल्या सर्वांत चढ्या करांपैकी आहे. कोल्हापूर-सांगलीहून गाडी घेऊन म्हैसुरात कायम राहायला आलेल्या कुटुंबाला, गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ इथे राहिली की, इथली नोंदणी करावी लागते. तो हिशेब आधीच नीट समजावणारा माणूस शोरूममध्ये भेटला तर त्याने मोठे काम केले असे मी म्हणेन.

पण याच टेबलावर ग्राहकाचा सर्वांत जास्त पैसा नकळत जातो. नव्या गाडीवर डीलरला मिळणारे मार्जिन लहान असते. डीलरांची संघटना कित्येक वर्षे किमान 7 टक्क्यांची मागणी करत आली आहे. त्या मार्जिनमधून जागेचे भाडे, काचेची इमारत, पगार आणि मालात अडकलेल्या भांडवलाचे व्याज भागत नाही. मग ती भर विम्यातून, कर्जाच्या दलालीतून, ॲक्सेसरीजमधून आणि हँडलिंग नावाच्या ओळीतून काढली जाते. विमा नियामकाने 2017 साली डीलरांमार्फत विमा विकण्याचे नियम केले. विमा कंपनी निवडण्याचा हक्क ग्राहकाचाच आहे. मी स्वतः गाडी घेतली तेव्हा मला तो हक्क कुणी सांगितला नाही. आमच्याकडचा विमा घेतला नाही तर डिलिव्हरी दसऱ्याला मिळेल याची खात्री नाही, एवढेच सौम्य आवाजात सांगण्यात आले. घरातली मंडळी कपडे करून तयार, पेढे आणलेले, मुहूर्त ठरलेला. मी सही केली. सणाच्या दिवशी आपली सौदा करण्याची ताकद शून्य होते, हे त्या दिवशी मला कळले.

आता दुसरी बाजू सांगितलीच पाहिजे. त्याच शोरूमच्या मागे वर्कशॉप होते. वर्षभराने कामासाठी गाडी तिथे टाकली, तेव्हा तिथल्या फोरमनने मी न सांगितलेला पुढच्या चाकाचा आवाज ऐकला, गाडी थांबवून घेतली आणि वॉरंटी संपायला काही दिवस उरले असताना कंपनीकडे स्वतः पाठपुरावा करून तो भाग बदलून दिला. एकही रुपया लागला नाही. घाटात ते चाक दगा देऊ शकले असते. एकाच इमारतीच्या पुढच्या दाराने माझे पैसे घेतले आणि मागच्या दाराने माझ्या घरातल्या माणसांची काळजी घेतली. डीलर हवा की नको, या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही ते यामुळे.

तिसऱ्या कामाचे महत्त्व लोक थेट विक्रीच्या काळात नव्याने शिकत आहेत. ओला इलेक्ट्रिकने डीलरांचे जाळे न उभारता स्वतःच स्कूटर विकल्या. विक्री झपाट्याने वाढली, दुरुस्ती मागे पडली. ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कंपनीला नोटीस दिली, तेव्हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर वर्षभरात आलेल्या 10,644 तक्रारींचा उल्लेख होता. त्यांतल्या 99 टक्क्यांहून अधिक सोडवल्याचे कंपनीने सांगितले. मी कुणाला दोषी ठरवायला इथे उभा नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की मधला माणूस काढला तरी त्याचे काम उरते. ते काम कुणीतरी, प्रत्येक तालुक्यात, हातात पाना घेऊन करावेच लागते.

याउलट मर्सिडीज-बेंझने 2021 साली भारतात दुसरा मार्ग धरला. पुण्याजवळ चाकणला त्यांचा कारखाना आहे. गाड्यांचा साठा कंपनीच्या मालकीचा, देशभर एकच किंमत, बिल थेट कंपनीचे. जुने डीलर राहिले, पण गाडी दाखवणे, सोपवणे आणि सांभाळणे यासाठी, मोबदला घेऊन. म्हणजे सौद्याची घासाघीस गेली आणि वर्कशॉप राहिले. मोठ्या भांडवलाच्या, थोड्या गाड्या विकणाऱ्या कंपनीला हे जमते. वर्षाला लाखो गाड्या विकणाऱ्या कंपन्या त्या मार्गाने जातील का, हे सांगता येत नाही. पण चार कामे एकमेकांपासून सोडवता येतात, हे त्यातून सिद्ध झाले.

अमेरिकेत या गाठी कायद्याने घट्ट केल्या आहेत. कंपन्यांनी डीलरांना चिरडू नये म्हणून विसाव्या शतकाच्या मध्यापासून तिथल्या राज्यांनी डीलर-संरक्षणाचे कायदे केले. आज त्याचा परिणाम असा की टेस्लाचा प्रचंड कारखाना टेक्सासमध्ये असूनही तिथल्या कायद्यानुसार कंपनीला त्या राज्यात स्वतःचे विक्री-शोरूम चालवता येत नाही. आपल्याकडे तशी बंदी नाही. जुलै 2025 मध्ये त्याच टेस्लाने मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात आपले केंद्र उघडले आणि थेट विक्री सुरू केली. आपण अमेरिकेची नक्कल करू नये. डीलरला विक्रीची मक्तेदारी दिल्याने ग्राहक सुरक्षित होत नाही.

पण डीलर उघडा पडला की ग्राहकही उघडा पडतो, हेही आपण पाहिले आहे. 2017 मध्ये जनरल मोटर्सने भारतातली विक्री थांबवली. तळेगावच्या कारखान्यातून काही काळ फक्त निर्यात चालू राहिली. 9 सप्टेंबर 2021 रोजी फोर्डने इथले उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. डीलरांच्या संघटनेने तेव्हा सांगितले की 170 डीलर, 391 केंद्रे आणि सुमारे 40,000 नोकऱ्या त्यात गुंतल्या आहेत. कंपनीने सेवा चालू ठेवण्याचे आश्वासन दिले. पण ज्याच्या दारात नवी गाडी येणार नाही तो डीलर फक्त सुट्या भागांवर किती दिवस तग धरेल, ही धास्ती गाडीमालकांना वाटली. ती स्वाभाविक होती. यादवगिरीच्या कारखान्याला कुलूप लागले तेव्हा येझदीवाल्यांच्या मनात हेच आले असेल. त्यांना तारणारे मिस्त्री भेटले, कारण ते यंत्र उघडून पाहता येत होते. आजची गाडी संगणक जोडल्याशिवाय आपला आजारही सांगत नाही.

म्हणून ऑगस्ट 2014 मधला स्पर्धा आयोगाचा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. खुल्या बाजारात सुटे भाग आणि दुरुस्तीची तांत्रिक माहिती मिळू न दिल्याबद्दल 14 मोटार कंपन्यांना मिळून 2,544.65 कोटी रुपयांचा दंड झाला. प्रकरण पुढे न्यायाधिकरणांत आणि न्यायालयांत गेले. डिसेंबर 2022 मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले, त्यात मोटारींचाही समावेश आहे. गल्लीतल्या मिस्त्रीला भाग आणि माहिती मिळाली, तर अधिकृत वर्कशॉपला आपले मोल कामाने सिद्ध करावे लागेल. त्यात दोघांचे आणि आपलेही हित आहे.

आता चौथे काम, उत्तर देण्याचे. याबद्दल गोव्यातील एका ग्राहकाचा खटला प्रत्येक खरेदीदाराने लक्षात ठेवावा असा आहे. त्याने 2011 सालच्या गाडीचे पैसे भरले आणि डीलरने त्याच्या हाती 2009 साली बनलेली गाडी दिली. ग्राहक मंचांनी डीलर आणि उत्पादक, टाटा मोटर्स, दोघांनाही जबाबदार धरले. फेब्रुवारी 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाला त्यातून मुक्त केले. डीलर आणि कंपनी यांच्या करारात दोघे स्वतंत्र व्यापारी होते आणि डीलरच्या त्या कृत्यात कंपनीचा हात असल्याचे सिद्ध झाले नव्हते. डीलरची जबाबदारी राहिली.

कायद्याच्या दृष्टीने निकाल सुसंगत आहे. पण ग्राहकाच्या जागी उभे राहून पाहा. पाटी कंपनीची, गणवेश कंपनीचा, किंमत कंपनीने ठरवलेली, सूट कंपनीच्या धोरणाने. फक्त चूक झाली की ती एकट्या डीलरची. आणि दोष यंत्रात असेल तर डीलर कंपनीकडे बोट दाखवतो. ग्राहक या दोघांमधल्या बोळात उभा राहतो. माझ्या मते सगळ्या विषयाचा गाभा इथे आहे. डीलरचे खरे मोल तो किती चांगली गाडी दाखवतो यात नाही. आपल्या गावात आपण ज्याच्या दारी जाऊ शकतो असा जबाबदार माणूस असणे, हे त्याचे मोल आहे. ती जबाबदारी तो घेत नसेल, आणि कंपनीही घेत नसेल, तर मात्र त्याला मधला दलाल म्हणण्यापासून आपल्याला कुणी अडवू शकत नाही.

दलाल या शब्दावरून मला मुंबई ग्राहक पंचायतीची आठवण होते. 1975 साली बिंदुमाधव जोशींच्या पुढाकाराने ती सुरू झाली, सुधीर फडक्यांसारखी माणसे त्या कामात उतरली. शेजारच्या कुटुंबांनी मिळून किराणा एकत्र मागवायचा, मधल्या साखळीला फाटा द्यायचा. मराठी मध्यमवर्गाने उभारलेला तो फार मोठा प्रयोग आहे. त्यातून एक फरकही शिकता येतो. तूरडाळ घरी आली की व्यवहार संपतो. मोटार घरी आली की व्यवहार सुरू होतो आणि दहा-पंधरा वर्षे चालतो. म्हणून डाळीच्या बाबतीत मधला माणूस गाळणे शहाणपणाचे ठरले, मोटारीच्या बाबतीत मधल्या माणसाला बांधून घेणे शहाणपणाचे ठरेल.

बांधून घ्यायचे म्हणजे काय? मला तीन गोष्टी हव्यात. बिलात गाडी, सरकारी कर, विमा आणि ॲक्सेसरीज यांचे आकडे वेगळे असावेत आणि नाकारता येण्याजोग्या प्रत्येक ओळीपुढे तसे छापलेले असावे. कंपनीच्या पाटीखाली झालेल्या विक्रीची जबाबदारी ग्राहकापुरती कंपनी आणि डीलर यांची एकत्र असावी. त्यांनी आपसांत काय ते मिटवावे. आणि कंपनी देश सोडून जात असेल, तर सुटे भाग आणि प्रशिक्षित हात किती वर्षे पुरवायचे, हे कायद्याने ठरावे. त्याच कायद्यात डीलरच्या गुंतवणुकीलाही संरक्षण मिळावे, कारण भुकेला डीलर प्रामाणिक राहणे कठीण आहे. सेवेला योग्य मोबदला मिळाला तर विम्यातून आणि चटईतून पैसे काढण्याची गरज कमी होईल. ही मागणी एकट्याने करून चालत नाही. म्हैसूर ग्राहकर परिषत ही ग्राहकांची संघटना याच गावात आहे. कन्नड मित्रांच्या खांद्याला खांदा लावून आपण हे काम केले पाहिजे.

आणि कायदा येईपर्यंत एक काम आपल्या हातात आहे. यंदा दसऱ्याला तुमच्यापैकी काहीजण नवी गाडी घ्याल. हुणसूर रस्त्यावरच्या शोरूममध्ये जाल, चहा येईल, गाडीवरचे कापड ओढले जाईल, फोटो निघेल. त्या दिवसाच्या महिनाभर आधी, मुहूर्ताची घाई नसताना, एकदा त्याच इमारतीच्या मागच्या बाजूला जा. वर्कशॉपच्या दाराशी अर्धा तास उभे राहा. तिथे जमिनीवर तेल साचले आहे की पुसलेले आहे ते पाहा. गाडी न्यायला आलेल्या माणसाला विचारा, सांगितलेल्या वेळी मिळाली का, सांगितलेल्या पैशांत मिळाली का, जुना भाग काढून दाखवला का. तिथला फोरमन किती वर्षे टिकून आहे ते विचारा. पुढच्या काचेआड तुम्हाला जे कुणी सांगणार नाही, ते मागे अर्ध्या तासात कळेल. मग पुढच्या दाराने आत जा आणि सही करा.

वडिलांच्या मिस्त्रीचे डबे अजून त्याच्या मुलाच्या दुकानात फळीवर आहेत. त्यांवर खडूने लिहिलेली भागांची नावे पुसट झाली आहेत, पण कुणी जावा घेऊन आला की तो नेमका डबा काढतो. गाडी विकणाऱ्याने विकताना त्या फळीचा विचार करावा आणि विकत घेणाऱ्याने घेताना तिची चौकशी करावी.